झटक्याच्या अलीकडे

मान कडकन वाजली, आणि डोक्यामागे उभा असलेला माणूस शांतपणे म्हणाला, "आणि इथे मी थांबतो."

तो थांबला नव्हता. आर्डिस टेस्के टेबलावर उताणी पडली होती, तिचं डोकं त्या माणसाच्या दोन तळव्यांत होतं, नजर छताच्या भोकाभोकांच्या पांढऱ्या चौकोनांवर होती, आणि डाव्या कानामागे, कवटी संपते त्याच्या जरा खाली, काहीतरी सरकून आपल्या जागेवर जाऊन बसलं होतं. आवाज तिला आतून ऐकू आला. त्यामुळे खोलीत तो कितपत झाला हे तिला सांगता आलं नसतं. आतून तो फार मोठा होता. बाहेर हीटरचा पंखा घरघरत होता, उशाखालचा कागद चुरचुरला होता, आणि पायाकडच्या खुर्चीत बसलेल्या परीक्षक डॉक्टर केसलर खाली मान घालून गुण मांडत होत्या. त्यांना त्या माणसाचे खांदे दिसत होते, हात दिसत नव्हते. नियम असा की टेबलावर काही वावगं झालं तर आडव्या माणसाने उजवा हात वर करायचा. आर्डिसचा उजवा हात कागदाच्या चादरीवर पडून होता. तिने त्याच्याकडे लक्ष दिलं. तो तसाच पडून राहिला. मग घंटा वाजली, माणूस "धन्यवाद, मॅडम" म्हणाला, दार लागलं, आणि बाहेरच्या लांब बोळात सगळ्या दारांपुढे उभे असलेले उमेदवार एक एक दार पुढे सरकले.

पुन्हा. या वेळी क्रमाने, परीक्षेत सांगतात तसं.

मणके हाताने बसवणाऱ्या डॉक्टरांना, म्हणजे कायरोप्रॅक्टरांना, या राज्यात धंदा करायचा तर राज्याच्या मंडळाचं लायसन्स लागतं, आणि लायसन्ससाठी लेखीनंतर ही हातांची परीक्षा. उमेदवार आत येतो. नाव सांगत नाही, क्रमांक सांगतो. दारावरच्या कागदावर लिहिलेलं वाचतो: मानेचा वरून दुसरा मणका, डावीकडे अडकलेला. हात चोळून गरम करतो. रोग्याच्या डोक्यामागे बसतो किंवा उभा राहतो. डोकं उचलतो, बोटाने मणका शोधतो, मान एका बाजूला कलती करतो, दुसरीकडे वळवतो, आणि जे करतो ते मोठ्याने बोलत जातो. मी इथे टेकवतो. मी ढिलाई काढून घेतो, सांधा ताणला जाईपर्यंत. दाबाची दिशा ही अशी, समोरच्या डोळ्याकडे. आता सांधा ताणलेला आहे. आता फक्त एक छोटा, झटपट धक्का उरलेला आहे. आणि इथे मी थांबतो. धक्का द्यायचा नाही. धक्का देणाऱ्याला नुसतं नापास करत नाहीत, त्याला इमारतीबाहेर काढतात, पुढच्या वर्षापर्यंत बसू देत नाहीत, आणि त्याचं नाव इतर राज्यांच्या मंडळांना कळवतात. ज्याच्या हाती अजून लायसन्स नाही त्याने परक्या मानेला झटका दिला, एवढाच त्याचा अर्थ. सकाळपासून आलेले सगळे थांबले होते. थंड हातांची एक मुलगी थांबली होती, पेपरमिंटच्या वासाचा एक जण थांबला होता, एक जण तर इतका अलीकडे थांबला होता की त्याने सुरुवातच केली नाही म्हटलं तरी चाललं असतं. मग हा आला. वयाने मोठा, पन्नाशीच्या पुढचा. त्याने हात चोळले नाहीत, ते गरमच होते. त्याने मणका शोधला नाही. बोट सरळ तिथे जाऊन टेकलं, अंधारात आपल्याच घरातल्या बटणावर जावं तसं. तो सगळं बोलला, न चुकता. ढिलाई. दिशा. समोरचा डोळा. मग कडकन. मग थांबतो म्हणाला. क्रम हाच. ती पडल्या पडल्या क्रम पुन्हा पुन्हा तपासत राहिली, कारण क्रम उलटा असता तर काहीच घडलं नव्हतं.

थांबायचा हा नियम तिच्या नवऱ्याने आणला होता. वेंडेल टेस्के. ते मंडळावर होते तेव्हा. त्याआधी उमेदवार परीक्षेत खरे झटके देत, एकाच मानेला दिवसभर, आणि एका शनिवारी संध्याकाळी एका बाईला शब्द सापडेनासे झाले. कोटाकडे बोट दाखवून ती त्याला काय म्हणतात ते शोधत उभी राहिली. पुढे ती बरी झाली, बरीचशी. वेंडेल त्या रात्री जेवले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी ओट्याशी कॉफी ओतता ओतता त्यांनी वाक्य तयार केलं. आधी 'मी येथवर येतो' असं म्हणून पाहिलं. मग 'धक्का अपेक्षित नाही'. मग 'इथे मी थांबतो'. हे त्यांना आवडलं. वेंडेलना परवान्याचं फार होतं. त्यांचे वडील ऑगस्ट टेस्के दक्षिणेतल्या अशा एका राज्यात मणके बसवायचे जिथे त्या काळी या विद्येला परवाना नव्हताच, त्यामुळे विनापरवाना डॉक्टरकी केली म्हणून दर एक-दोन वर्षांनी त्यांना आत टाकत. दंड भरला तर सुटका होती. ऑगस्ट दंड भरत नसत. रोगी तुरुंगात येत, कोठडीतल्या बाकावर पालथे पडत, आणि एकदा शेरीफची बायकोच कंबर धरून आली, ती सरळ चालत परत गेली, तरी त्यांना कोणी सोडलं नाही. ही गोष्ट टेस्के कुटुंबात थँक्सगिव्हिंगला टर्की कापताना सांगायची पद्धत होती. सगळे हसत. वेंडेल हसत नसत. त्यांच्या लेखी वडील आत गेले ते भिंतीवर लायसन्सचा एक कागद लागावा म्हणून. तो कागद वेंडेलच्या दवाखान्यात खुर्चीसमोर होता, आणि रोज सकाळी दवाखाना उघडला की त्याची चौकट वाकडी नसली तरी ते ती सरळ करत. मंडळावर असताना त्यांनी जत्रेत तंबू टाकून पाठी मोडणाऱ्यांवर खटले भरले, महामार्गावर गाडीमागे जोडलेल्या डब्यात ट्रकवाल्यांच्या माना बसवून देणाऱ्या एका म्हाताऱ्याला धंदा बंद करायला लावलं. म्हातारा चांगला होता म्हणे. घरी येऊन वेंडेल एवढंच बोलले: चांगला होता.

आणि रविवारी चर्चमधून आलं की स्वयंपाकघरातल्या सरळ पाठीच्या खुर्चीवर आर्डिसला बसवून तिची मान. रेडिओवर बेसबॉल चालू असे. वेंडेल मागे उभे राहत, ती डोकं सोडून देई. सोडून देणं तिला पहिल्या वर्षी जमलं नव्हतं, मग जमलं, मग ते तिला इतर कुठेच जमेना. ते काही बोलत नसत. दाबाची दिशा सांगत नसत. कधी कधी कोणी चेंडू मारला म्हणून त्यांचं लक्ष रेडिओकडे असे आणि हात त्यांच्याशिवायच आपलं काम उरकत. कड, कड, दोन्हीकडे. मग ते सिंकवर हात धूत आणि ती ओव्हन उघडून मांस पाही. एवढंच. लग्नाबद्दल तिला कोणी विचारलं असतं तर सांगण्यासारखं फार काही नव्हतं, आणि जे होतं ते असं होतं. ते काही वर्षांपूर्वी मार्चमध्ये गेले, गॅरेजच्या दाराशी, हातात बर्फ उपसायचं फावडं होतं. त्यांच्या भागीदाराने दफनानंतरच्या जेवणात तिला हळूच सांगितलं, मान बघायला कधीही ये. ती म्हणाली, येईन. या डॅव्हेनपोर्ट शहरात एकेका रस्त्यावर एकेक कायरोप्रॅक्टर आहे, नदीच्या या काठाला आणि त्या काठालाही. ती कोणाकडेच गेली नाही. मान हळूहळू धरत गेली. गाडी मागे घेताना ती खांद्यातून वळू लागली. रात्री मक्याचे दाणे भरलेली पिशवी मायक्रोवेव्हमध्ये गरम करून गळ्याभोवती घेऊन झोपू लागली. अशात मंडळाच्या होबर्गचा फोन आला, की परीक्षेला आडवं पडायला माणसं लागतात, तुझी मान लांब आहे, तू शांत असतेस, येशील का. वर्षातून दोनदा, शनिवार-रविवार. ती हो म्हणाली. होबर्गला वाटलं वेळ जावा म्हणून. वर्षभर तिला कोणी हात लावत नव्हतं, दुकानातली मुलगी सुटे पैसे देताना लावायची तेवढाच. आणि मग हे दोन दिवस, एकामागून एक हातांच्या जोड्या, प्रत्येक जोडी तिला कडेपर्यंत नेई, अगदी तिथवर जिथे श्वास आपोआप अडतो, आणि तिथे

थांबे.

जेवणाच्या सुट्टीआधी ती स्वच्छतागृहात गेली आणि आरशासमोर उभी राहून तिने जीभ बाहेर काढली. ती सरळ होती. दोन्ही हात समोर धरून डोळे मिटले. उघडले तेव्हा हात सारख्याच उंचीवर होते. मानेला चुकीचा झटका बसला तर काय काय होतं ते वेंडेलच्या बायकोला माहीत असणारच: चक्कर, दोन दोन दिसणं, गिळता न येणं, शब्द. तिने शब्द म्हणून पाहिले. कोट. नळ. टॉवेल. शेजारच्या दारामागे कोणीतरी खोकलं. तिने पाण्याचा घोट घेतला, तो नीट खाली गेला. म्हणजे इजा नव्हती. इजा असती तर सगळं सोपं होतं. उलट असं झालं होतं की डाव्या दंडात ऊब उतरली होती आणि ऐकू जास्त येत होतं, नळाचं पाणी, दिव्याची गुणगुण, आणि डाव्या डोळ्यातून, फक्त डाव्या, पाणी येत होतं. ते रडणं नव्हतं. तिने ते कागदाने टिपलं, परत आलं, परत टिपलं. एका अनोळखी माणसाने, ज्याला या राज्यात तसं करायचा अधिकार नव्हता, ते केलं होतं जे रविवारचं होतं. तिला राग यायला हवा होता. तिने वाट पाहिली. आला तो किंचितसाच, आणि तोही त्याने ते केलं म्हणून नव्हता. करून झाल्यावर त्याने ते वाक्य म्हटलं म्हणून होता.

खालच्या खोलीत आडव्या लोकांसाठी डुकराच्या तळलेल्या मांसाचे सँडविच ठेवले होते, मांस पावाच्या चारही बाजूंनी बाहेर आलेलं. क्लिफ नॉमन, पूर्वी शाळेची बस चालवायचा, गाऊनवर स्वेटर घालून बसला होता. त्याच्या वाट्याला कंबर असे. तो सगळ्यांना सांगत होता की सकाळपासून इतके जण येऊन गेले पण एकानेही धड काही केलं नाही, आमच्या घरच्या स्वयंपाकासारखं, वास येतो, ताट येत नाही. त्याने आर्डिसकडे पाहिलं. "का गं, आज चेहरा असा धुतल्यासारखा दिसतोय तुझा?"

तिने पावाबाहेर आलेला मांसाचा तुकडा मोडून खाल्ला. मग विचारलं, समजा एखाद्याने खरंच झटका दिला तर.

"मला?" क्लिफ म्हणाला. "मी आधी त्याला मिठी मारीन. मग हात वर करीन."

सगळे हसले. आर्डिसही हसली, आणि हसताना लक्षात आलं की तिने मान डावीकडे वळवून क्लिफकडे पाहिलंय, खांदा न हलवता. तिने ती सावकाश परत सरळ केली, कोणी पाहिलं असेल तर म्हणून.

उमेदवारांनी आणि आडव्यांनी एकमेकांशी बोलायचं नसतं. पण मागच्या दाराबाहेर उतार आहे, तिथे उभं राहिलं की झाडांच्या वरून नदी दिसते, नोव्हेंबरातली, पत्र्यासारखी, आणि लॉकशी, नदीतल्या पाण्याच्या दरवाजाशी, वाट पाहत थांबलेला मालवाहू बार्ज, आणि तिथे सगळेच येतात. तो कठड्याला टेकून उभा होता, गळ्यातला क्रमांक त्याने खिशात घातला होता. तिने कोट घातला होता, तरी त्याने ओळखलं. चेहऱ्याने नव्हे, त्याची नजर तिच्या गळ्याकडे गेली आणि मग वर आली. तो स्वतःहूनच बोलू लागला, परीक्षा दिलेले लोक बोलतात तसा, न विचारता. नाव गेरिट व्होस. पश्चिमेकडच्या एका लहान गावात त्याचा दवाखाना होता, बावीस की तेवीस वर्षं, गावातल्या एकूण एक माणसाची पाठ त्याला ठाऊक. आता बायकोच्या, जोनच्या, आईला माणसं ओळखू येईनाशी झाली होती, म्हणून इकडे यायचं ठरलं. तिकडचं विकलं. इथून तासाभरावर माकोकेटाला एक डॉक्टर निवृत्त होतोय, त्याचा दवाखाना घ्यायचा करार झालाय, पण वर्ष बदलायच्या आत इथलं लायसन्स हातात हवं, नाहीतर तो दुसऱ्याला देणार. दुसरा तयारच आहे. आणि त्याचं जुनं लायसन्स इतकं जुनं की हे राज्य ते मानत नाही, म्हणून या वयात पोरासोरांच्या रांगेत. त्याने हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. पोरं चांगली होती, म्हणाला, घाबरलेली होती, एकाला त्याने आपला सफरचंदाचा तुकडा दिला.

त्याचे हात कठड्यावर होते. ती त्यांच्याकडे पाहत होती. मोठे नव्हते. अंगठ्याच्या मुळाशी जाड झालेले, नखं बारीक कापलेली. ते आत्ता काहीच करत नव्हते, आणि काही केलं होतं असंही त्यांच्याकडे पाहून वाटत नव्हतं. ती विचार करत होती की याला माहीत आहे. हा इथे उभा राहून मला माकोकेटा सांगतोय ते मी गप्प राहावं म्हणून. तसं असेल तर ठीक आहे. तसं असेल तर दोघांनाही माहीत आहे, आणि दोन माणसांना माहीत असलेली गोष्ट दोघांपुरती राहू शकते. मी परीक्षा संपेपर्यंत आडवी पडेन आणि घरी जाईन. त्याला लायसन्स मिळेल. माकोकेटाच्या लोकांना चांगले हात मिळतील. तिला एवढंच हवं होतं की त्याने डोळ्याने, एकदा, कबूल करावं.

ती म्हणाली, "सकाळी माझ्या मानेला तुम्ही थांबलात ना?"

"म्हणजे काय, थांबलो," व्होस म्हणाला. "थांबायचंच तर असतं ना? तेच अवघड, बाकी काय. दोन महिने रोज रात्री जोनवर सराव केलाय थांबायचा. ती म्हणते, आता तू सवयीने घरीही थांबतोस, माझी मान आहे तशीच." तो हसला. मग त्याचा चेहरा थोडा गंभीर झाला. "का? तुम्हाला जास्त ओढल्यासारखं वाटलं का?"

ती त्याच्या डोळ्यांत पाहत राहिली, सभ्यपणाला शोभेल त्याहून जास्त वेळ. तिथे काळजी होती. रोग्याबद्दलची, साधी. दुसरं काही नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "ओढलं नाही."

बार्ज हलला. आत घंटा वाजली.

दुपारी ती पुन्हा टेबलावर होती आणि हात येत होते. मी टेकवतो. मी ढिलाई काढते. ढिलाई आता काढून संपतच नव्हती, इतकी मान सैल होती, उमेदवार गोंधळत होते, एक मुलगी दोनदा मागे येऊन पुन्हा सुरुवातीपासून बोलली. छताच्या चौकोनांत भोकं होती आणि आर्डिस ती मोजत नव्हती. व्होसला माहीत नाही. हातांनी केलं आणि मालकाला सांगितलं नाही. आणि मालक शपथेवर सांगेल की थांबलो, आणि ते खोटं नसेल. माकोकेटाला उद्या एखादी म्हातारी येईल, खडूसारख्या हाडांची, किंवा जिच्या मानेतली नस पातळ झालीय अशी कोणी, तपासताना तिला नुसतं बोट लावून बघायचं असेल, दाबायचं नसेल, आणि हातांना ते कोण सांगणार. हे तिने वेंडेलच्या आवाजात ऐकलं. मंडळाच्या खोलीतल्या आवाजात, घरातल्या नव्हे. मग तिला रेडिओ आठवला. कोणीतरी चेंडू मारला, आणि वेंडेलची मान तिकडे, आणि हात आपले इकडे. त्या हातांनी तरी कधी विचारलं होतं? तिने आयुष्यभर ज्याच्यावर डोकं सोडून दिलं ते हेच नव्हतं का, की हाताला सांगावं लागत नाही? ज्या गोष्टीसाठी या माणसाला काढून टाकायचं तीच गोष्ट तो चांगला असल्याचा पुरावा आहे, आणि ज्यांना ठेवून घ्यायचं, ही थंड हातांची, पाठ केलेलं बोलणारी पोरं, ती थांबतात कारण त्यांना अजून पुढे जाता येत नाही. वेंडेलना हे कळत होतं. चांगला होता, म्हणाले होते ते त्या ट्रकवाल्यांच्या म्हाताऱ्याबद्दल, आणि सही केली. तिने तेव्हा विचारलं नव्हतं की मग का. तेव्हा ओव्हनमध्ये काहीतरी होतं.

आणि खरं म्हणजे म्हाताऱ्या बायकांच्या हाडांचा विचार ती थोडा नंतर करू लागली होती. आधी जे आलं होतं, उतारावर, तो "थांबलो" म्हणाला त्या क्षणी, ते वेगळं होतं. ते असं होतं: म्हणजे झालंच नाही. ज्याने केलं त्याला माहीत नाही, जिने बघायचं तिने पाहिलं नाही. फक्त ही मान. आणि ही मान आठ-दहा दिवसांनी पुन्हा धरेल, तिला ठाऊक होतं, मग तिलाही माहीत नसेल. इतक्या वर्षांत आपल्याला एक गोष्ट झाली आणि ती झाली नाही असं होणार. तिने हात वर केला तर एक माणूस बुडतो. नाही केला तर

घंटा. पुढचा आत आला, क्रमांक सांगितला, हात चोळले.

शेवटच्या फेरीनंतर कपडे करून ती होबर्गच्या खोलीत गेली. होबर्ग मंडळाचा माणूस, वेंडेलच्या हाताखाली नवा असताना त्यांच्या घरी जेवून गेलेला, आता टक्कल पडलेला, बूट काढून मोज्यांवर बसला होता. तिने दार लावून सांगितलं. उमेदवार कोणता, टेबल कोणतं, काय झालं. तो ऐकत बूट घालत गेला. हात का नाही वर केलास, म्हणाला. तिने सांगितलं की माहीत नाही. दुखलं का, विचारलं. नाही म्हणाली. चक्कर? नाही. मग तो उठला, खिडकीशी गेला, आणि दयाळूपणे बोलू लागला. केसलरने त्या माणसाला पैकीच्या पैकी गुण दिले आहेत. आजच्या सबंध दिवसातले सगळ्यांत जास्त. कोणी पाहिलं नाही, कोणी ऐकलं नाही. साठीनंतर माना आपल्या आपणही वाजतात, आर्डिस, माझी तर जिना उतरताना वाजते. तुला खात्री नाही असं तू म्हणालीस तर इथे कोणीही तुला काही विचारणार नाही.

"मला खात्री आहे," ती म्हणाली.

"तुला माहीत आहे ना त्याचं काय होईल?"

"तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

"वेंडेल असते तर..."

"वेंडेल नाहीयेत, होबर्ग. बोलाव त्याला."

व्होस कोट घालून आला, मफलर गुंडाळलेला, निघायच्या तयारीत. तिला पाहून त्याने मान लववली, उतारावरची ओळख होती ना. होबर्गने बस म्हटलं, तो बसला, होबर्गने सांगितलं. व्होस आधी हसला, चुकीचं पार्सल घरी आलं की माणूस हसतो तसा. म्हणाला की नाही, मी थांबलो. मी म्हणालोसुद्धा. मग तिच्याकडे वळून, जराही चिडून नव्हे, खरंच मदत मागितल्यासारखा: "मी म्हणालो ना तसं?"

"म्हणालात," आर्डिस म्हणाली. "आधी झालं. मग म्हणालात."

होबर्ग बोलत होता. परीक्षा रद्द, पुढच्या शरदापर्यंत बसता येणार नाही, इतर राज्यांना कळवावं लागतं, अपील करता येतं, अपिलाला लागणारा वेळ. व्होस ते ऐकत नव्हता. तो मांडीवरच्या आपल्या हातांकडे पाहत होता. कोणाच्या तरी झोपलेल्या मुलांकडे पाहावं तसा. खोलीत गरम होतं तरी तो मफलर काढत नव्हता. तिला वाटलं आता तो तिला काहीतरी बोलेल, आणि तिने त्याची तयारी केली, डोकं टेबलावर सोडावं तसं आतून काहीतरी सोडून दिलं. जोनची आई. करार. तुम्ही दुपारी मला ओढलं नाही म्हणालात. यातलं काहीही तो म्हणू शकत होता.

"कुठला?" त्याने विचारलं.

होबर्ग मध्येच थांबला.

"वरून दुसरा," आर्डिस म्हणाली. "डावीकडचा."

व्होसने डोळे मिटले. मांडीवरचे हात थोडेसे उचलले गेले आणि हवेत, नसलेल्या डोक्याखाली, वाटीसारखे झाले. डावं बोट किंचित सरकलं आणि एका जागी टेकलं. "हो," तो म्हणाला. "दारावरच्या कागदावर तेच लिहिलं होतं. पण तुमचा खरंच अडकलेला होता." मग डोळे उघडून: "सुटला का?"

"तो प्रश्न आत्ता इथला नाही," होबर्ग म्हणाला.

"सुटला," आर्डिस म्हणाली.

तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर समाधान आलं. साधं, दिवसाचं काम नीट झालेल्या माणसाचं. जोन, माकोकेटा आणि सबंध पुढचं वर्ष त्याच्यापर्यंत येऊन पोचायच्या आधी ते थोडा वेळ तिथे होतं, आणि तिने ते पाहून घेतलं.